नवतप्यातली ओल

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला आणि दुसऱ्याच दिवशी भैय्याजी गजघाटेंनी सख्ख्या धाकट्या भावाचा पुढचा दात पाडला. हत्यार म्हणून कूलरचा पंप वापरला. पंप जुना होता, पण दात त्याहून जुना निघाला. संध्याकाळी भैय्याजींनी पंप धुतला, परत टाकीत बसवला आणि कूलरपुढे मांडी घालून गार हवा खात बसले.

अंगणातलं रक्त पुसायचं काम सुनेकडे, म्हणजे मोनालीकडे होतं. या घरात आल्यापासून ती पुष्कळ शिकली होती. रक्त गार पाण्यानं निघतं, गरम पाण्यानं पक्कं बसतं. आवाज चढले की आधी गच्चीवरचे पापड उचलायचे, मग मधे पडायचं. आणि दोन्हीकडून जे सामान फेकलं जातं त्यातली आपली भांडी अंधार पडायच्या आत वंदनाकाकूंकडून मागून आणायची, नाहीतर त्यांच्याकडे त्यात डाळ शिजते.

वंदनाकाकू म्हणजे दात पडलेल्या प्रेमानंदकाकांची बायको. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत एकाच बापाच्या प्लॉटवर दोन भावांची दोन घरं होती. वाटणीच्या वेळी दोघांनी ठरवलं, की एका भिंतीला दोघांनी टेकायचं नाही. म्हणून दोन भिंती घातल्या आणि मधे हातभर फट सोडली. ती फट कोणाचीच नव्हती, त्यामुळे तिच्यात काहीही सोडायचा हक्क दोघांनाही होता. मोरीचा पाइप तिच्यात, टाकीचं वाहून गेलेलं पाणी तिच्यात. खरकटं, फुटकी कुंडी, मेलेली घूस, सगळं तिच्यात. ऊन तेवढं तिच्यात कोणी सोडलं नव्हतं.

आणि दोघांचे कूलरही तिच्यातच उघडत. ही अक्कल भैय्याजींची. ते वीज खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे हवेचा प्रवाहही आपल्याच खात्यात येतो असं त्यांचं मत होतं. "अंगणातली हवा भट्टीवानी रायते," ते म्हणत. "फटीतली हवा आधीच थंडी. तिले आपन अजून थंडी करतो. पूर्ण सक्करदऱ्यात असा कूलर दाखवा मले." त्यांनी मागच्या खोलीच्या भिंतीला भगदाड पाडून कूलर बसवला, तोंड घरात, पाठ फटीत. हवा मागच्या खोलीतून निघून थेट समोरच्या खोलीतल्या दिवाणापर्यंत यायची. प्रेमानंदकाकांनी आठ दिवसांत नक्कल केली. तेव्हापासून फटीत दोन कूलर एकमेकांकडे पाठ करून उभे होते, मालकांसारखेच.

दिवाणावर पिंकी झोपायची. पिंकी मोनालीची मुलगी, पहिलीतली. तिच्या छातीत शिट्टी वाजायची. बोलायची तेही हप्त्याहप्त्यानं. "आई... मले... पानी..." आणि मग पुढचा श्वास येईपर्यंत 'दे' हे आपण समजून घ्यायचं. वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' एका श्वासात निघायचं आणि 'टीचर' म्हणेपर्यंत बाई पुढच्या मुलीवर गेलेल्या असायच्या.

गंमत अशी, की कळमेश्वरला आजोळी गेली की पोरगी ठणठणीत. मोनालीचं माहेर एमआयडीसीच्या रस्त्याला लागून. दिवसभर ट्रक, धूळ, आणि त्या धुळीत पिंकी डब्बा ऐसपैस खेळायची. घरी आली की तिसऱ्या रात्री शिट्टी.

"आजोळचे लाड करतेत, इथी नखरे करते," सासूबाई इंदूबाई म्हणायच्या. "मी इतके पोट्टे वाढवले, एकाची छाती वाजली नाही."

"तुमचे पोट्टे वाजत नव्हते आत्याबाई, वाजवत होते," मोनाली म्हणाली. त्यावर दोन दिवस अबोला झाला. अबोला म्हणजे या घरातली विश्रांती.

डॉक्टर भैरवी मॅडमनी पिंकीची पाठ तपासली आणि विचारलं, "घरात ओल आहे का?"

मोनाली आणि तिचा नवरा अश्विन दोघंही हसले. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. कावळे चोच उघडी ठेवून बसले होते. अशा दिवसांत नागपुरात ओल विचारणं म्हणजे उपाशी माणसाला, 'तुला अजीर्ण आहे का' असं विचारणं.

"हसू नका," मॅडम म्हणाल्या. "भिंत बघा. कुठं काळं-हिरवं दिसतंय का ते बघा. ही अशीच राहिली तर एक दिवस घरच्या मशीनची औषधी वाफही पुरणार नाही. पोरीला ऑक्सिजनवर घ्यावं लागेल."

अश्विनचं हसू थांबलं. तो बेस्याला एका फ्लॅट स्कीमच्या साइटवर सुपरवायझर होता. लोकांना भिंतीवर थाप मारून 'एक थेंब नाही यायचा, लिहून घ्या' असं सांगायची त्याला सवय होती. घरी येऊन त्यानं मागच्या खोलीतल्या भिंतीवर थाप मारली. हात मनगटापर्यंत आत गेला.

तिथं त्यानंच गेल्या दिवाळीत प्लास्टिकचे पॅनल लावले होते, संगमरवरी डिझाइनचे. एक पॅनल उचकटलं, तर मागं भिंतीला दाढी आली होती. काळी, हिरवी, मधे मधे पांढरी. भैय्याजींच्या दाढीपेक्षा दाट.

"हे त्या प्रेम्याचं पानी होय," भैय्याजींनी निकाल दिला आणि पंप काढायला वळले. तो दात याच निकालाचा.

प्रेमानंदकाकांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. त्यांच्याकडे लाकडी बल्ल्या, लोखंडी पाइप, साखळ्या आणि हातोडे इतके होते, की छोटं युद्ध त्यांना ऑर्डर न घेताही करता आलं असतं. पण त्यांचा एक गुण होता. मोठ्या भावाला त्यांनी जन्मात अरे-तुरे केलं नाही. तोंडातून रक्त वाहत असतानाही ते कुंपणावरून म्हणाले, "भाऊ, तुमाले वेळ असन तवा या, तुमचं थोबाड फोडाचं हाय मले."

भाऊंना वेळ होताच. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत बल्ली विरुद्ध पहार असा सामना झाला. भैय्याजी लाइनमनचे रबरी हातमोजे घालून उतरले, कारण भांडताना कुठं काय हाताला लागेल सांगता येत नाही. प्रेमानंदकाकांची बरगडी गेली, भैय्याजींचा कान फाटला, आणि मधे पडलेल्या अश्विनला दोघांनी मिळून मारलं. तेवढ्यापुरते भाऊ एक झाले. शेवटी पोलीस आले.

हवालदार जेवणातून उठून आला होता. त्यानं कारण विचारलं, "भिंतीला ओल" हे उत्तर ऐकलं, आभाळाकडं बघितलं आणि दोघांच्या पाठीत एकेक काठी हाणली. मग समज दिली, "यापुढं एकानं दुसऱ्याच्या घरात पाय ठेवला तर आत टाकीन. पाय ठेवाचा नाही. समजलं?"

"समजलं," भैय्याजी म्हणाले. नोकरीभर नियमाप्रमाणे वागलेला माणूस. घरी येऊन कानाला हळद लावून घेताना ते मोनालीला म्हणाले, "पाय म्हन्लं त्यानं. हाताचं काही म्हन्लं नाही."

त्या दुपारी अश्विननं साइटवरून काँक्रीट फोडायचं ब्रेकर मशीन आणलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. आपली भिंत फोडायची, फटीत बघायचं, काकाचं पाणी कुठून येतं त्याचा मोबाइलमधे व्हिडिओ काढायचा. एकदा पुरावा झाला, की काका गप्प, भिंत कोरडी, पिंकी बरी.

"अहो, पोरगी घरात हाय," मोनाली म्हणाली. "हे सारं उडन ना. मी तिले कळमेश्वरले घेऊन जातो, मंग फोडा."

"या उनात बसनं नेशीन? समोरच्या खोलीत ठेव. कूलर फुल कर, म्हणजे तिले हवा लागन."

कूलर फुल. हेच या घरातलं औषध होतं. पिंकीला धाप लागली, कूलर फुल. ओठ निळसर दिसले, दिवाण कूलरच्या रेषेत ओढा. भैय्याजींचा पोरीवर फार जीव. रात्री तीनदा उठून ते कूलरच्या गवताच्या ताट्यांवर हातानं पाणी मारायचे, नातीला हवा कमी पडू नये म्हणून. ताट्या बदलायच्या मात्र नाहीत, कारण जुन्या ताट्यांना खसचा वास मुरतो. वास मुरला होता हे खरं. तो खसचा होता का, हे कोणी वाकून बघितलं नव्हतं.

मोनालीनं पिंकीच्या तोंडाला ओली ओढणी बांधली आणि तिला दिवाणावर घेऊन बसली. आत मशीन धडधडायला लागलं.

पलीकडे प्रेमानंदकाका बरगडीला पट्टा बांधून पडले होते. त्यांना आवाज आला. आपल्या भिंतीवर कोणी चाल करून येतंय म्हटल्यावर कोण पडून राहील? त्यांनीही घन उचलला आणि आपल्या बाजूनं त्याच जागी घाव घालायला सुरुवात केली. दोन्ही भिंतींच्या विटा इतक्या भिजलेल्या होत्या, की त्या फुटल्या नाहीत, नुसत्या खाली बसल्या. आधी इकडं भोक पडलं, मग समोर तिकडं. मधे हातभर काळोख, आणि काळोखापलीकडून एक दात नसलेला चेहरा.

"भाऊ, नमस्कार," चेहरा म्हणाला आणि त्यानं घन फेकला.

घन अश्विनच्या खांद्याला लागला. अश्विन मशीनसकट आडवा झाला. भैय्याजींनी हातमोजे चढवले, भोकातून कमरेपर्यंत आत शिरले आणि भावाची मान पकडली. पाय त्यांनी आपल्या घराच्या फरशीवर घट्ट रोवून ठेवले होते. कायदा म्हणजे कायदा.

"पाय हाय का माहा तुझ्या घरात? पाय दाखव!" ते ओरडत होते आणि भावाचं डोकं भोकाच्या कडेवर आपटत होते.

"नाही भाऊ, पाय नाही हाय!" प्रेमानंदकाका प्रामाणिकपणे म्हणाले आणि त्यांनी भैय्याजींचा अंगठा चावला. हातमोजा रबरी होता. पुढचा दात नसल्यामुळे चावा नीट बसेना, म्हणून त्यांनी बाजूच्या दाढा वापरल्या. मग रबर फाटलं, कातडी फाटली, आणि भैय्याजींनी जी किंकाळी फोडली ती दोन्ही घरांत एकदम ऐकू आली, कारण आता घरं दोन राहिलीच नव्हती.

वंदनाकाकूंनी लाटणं आणलं. नेम नवऱ्याच्या मानेवरच्या हाताचा होता, बसला नवऱ्याच्या मानेवर. इंदूबाईंनी आपल्या नवऱ्याचे पाय धरून त्यांना मागे ओढायला सुरुवात केली.

"सोडा वं आत्ता तरी!" इंदूबाई ओरडल्या.

"तुम्ही सोडा ना बाई, तुमच्याच माणसानं धरलं!" पलीकडून वंदनाकाकू.

"माह्या माणसाचा अंगठा तुमच्या माणसाच्या तोंडात हाय वं!"

"मंग त्याले म्हना, काढ!"

प्रत्येक ओढीला भिंतीतला काळा भुगा पसाभर सुटून फटीत पडत होता.

समोरच्या खोलीत मोनाली हे ऐकत होती, पण बघत होती दुसरीकडे. तिला वाटलं होतं, भुगा भोकातून येईल आणि दारातून पसरेल. म्हणून तिनं दारात ओली चादर धरायचं मनात आणलं होतं. भोकातून काहीच येत नव्हतं, ते तर भैय्याजींच्या पोटानं बुजलं होतं. भुगा कूलरच्या जाळीतून येत होता.

तिनं नीट बघितलं. आत धपका बसला, फटीत भुगा पडला, आणि एक श्वास घेईपर्यंत जाळीतून काळी फुंकर निघाली. सरळ दिवाणावर. पुन्हा धपका, पुन्हा फुंकर. पिंकीच्या तोंडावरची पांढरी ओढणी राखाडी झाली होती.

मग तिला सगळं दिसलं. फटीत जे काही होतं, ते आजच नाही, रोज या वाटेनं येत होतं. घूस, मोरी, भिंतीची दाढी. पोरीला धाप लागली की घरातले सगळे तेच तिच्या तोंडावर फुल स्पीडनं सोडत होते. कळमेश्वरला पंखा होता. फक्त पंखा.

"आई..." पिंकी म्हणाली आणि पुढचा हप्ता आलाच नाही. गळ्याखालचा खळगा आत ओढला गेला. बरगड्या एकेक दिसायला लागल्या.

मोनालीनं पोरीला उचलून अंगणाच्या दारात नेलं, उन्हाच्या झळीत. मग वाफेचं मशीन काढलं. लाइनमनच्या घरात चालू प्लग दोनच होते, एक आत ब्रेकरनं अडवलेला आणि दुसरा, अंगणाच्या दाराजवळचा, कूलरच्या लांब वायरकडे. तिनं कूलरची पिन उपटली, मशीनची लावली आणि मास्क पिंकीच्या नाकाला धरला. मशीन घरघरलं. वाफ निघाली. पोरीनं एक श्वास घेतला. मग अजून एक.

कूलर बंद पडताच घरात शांतता झाली आणि त्या शांततेत भैय्याजींचं डोकं भोकातून बाहेर आलं. एक डोळा सुजून मिटलेला, अंगठा लोंबत होता, केसांत बुरशी.

"कूलर कोनं बंद केला?" ते म्हणाले. त्यांनी नातीकडं बघितलं. तिची अवस्था बघून त्यांचं काळीज तुटलं. जखमी हातानं धडपडत ते आले, मशीनची पिन काढली आणि कूलरची लावली. "पोट्टी गुदमरून राह्यली, दिसत नाही का वं तुले? हवा लागू दे तिले!"

जाळीतून काळा लोट निघाला आणि पिंकीचे डोळे वर गेले.

मोनाली उठली. भांडणातली पहार दाराशी टेकून ठेवली होती. तिनं आधी कूलरची पिन काढली, मशीनची लावली, मास्क नवऱ्यामागोमाग आलेल्या इंदूबाईंच्या हातात दिला आणि म्हणाली, "आत्याबाई, हे हललं तर तुमचा हात तोडीन." इंदूबाई हलल्या नाहीत. मग तिनं पहार उचलली आणि मागच्या खोलीत गेली.

पहिला घाव सासऱ्यांच्या फाटक्या कानाला वारा घालत गेला. तिनं तो कूलरवरच मारला होता. सासरे धावत येऊन मधे उभे राहिले, ही त्यांची निवड. दुसऱ्या घावाला जाळी आत गेली. तिसऱ्याला पंख्याचं पातं सुटलं आणि अश्विन नुकताच उठून बसत होता, त्याच्या डोक्यावरून भिंतीत रुतलं. अश्विन परत आडवा झाला, या वेळी स्वखुशीनं. चौथ्या घावाला टाकी फुटली. पाण्याबरोबर लाल अळ्या, एक पालीचा सांगाडा आणि वंदनाकाकूंचा हरवलेला चमचा बाहेर आला.

"मोनाली! नवतपा हाय वं!" भैय्याजी रडायला आले. भावाची बरगडी मोडली तेव्हा रडले नव्हते. "माणसाचं डोकं फोड, कूलर नको फोडू!"

"तुमचा नंबर मंग," मोनाली म्हणाली.

कूलर निघाल्यावर त्याच्या भगदाडातून समोर प्रेमानंदकाकांच्या कूलरची पाठ दिसली. ताट्यांवर तसंच काळं केसाळ कातडं. मोनालीनं पाय आपल्या फरशीवर रोवले, हवालदाराच्या शब्दाला मान देऊन, आणि फटीतून पहार पलीकडे घातली. एकदा, दोनदा, मग मोजायच्या पलीकडे. पलीकडच्या खोलीत पाणी, पातं आणि प्रेमानंदकाका एकदमच उडाल्याचा आवाज झाला.

मग पलीकडून प्रेमानंदकाका म्हणाले, "भाऊ, तुमच्या सुनेनं माहा कूलर मारला."

"माहाही मारला रे," भैय्याजी म्हणाले, आणि दोघं भाऊ भोकातून एकमेकांचा हात धरून रडले. वाटणीनंतर पहिल्यांदा.

भैरवी मॅडमनी संध्याकाळपर्यंत पिंकीला दवाखान्यात ठेवलं आणि ऑक्सिजन लावावा लागला नाही. मोनालीला विचारलं, "घरात काही फरक केला का?" मोनाली म्हणाली, "हाव. हवा येऊ दिली."

पुढचे दिवस दोन्ही घरं गच्चीवर राहिली. खाली राहण्याजोगं कोणी ठेवलंच नव्हतं. अश्विननं खांदा गळ्यात बांधून एका हातानं फटीतला राडा उपसला, वरून पत्रा टाकला, पाइप नालीला जोडले. प्रेमानंदकाकांनी मंडपाचं कापड दोन्ही गच्च्यांवर एकच ताणून दिलं. कापड एक म्हटल्यावर सावलीवरून भांडण ठरलेलंच होतं. अंगाची लाही होत होती, लू तोंडावर चापटा मारत होती आणि घामानं भिजलेले सगळे मिळून फक्त मोनालीला शिव्या देत होते. एकमेकांना द्यायला कोणापाशी जोर उरला नव्हता.

मृगाच्या तोंडावर एक दिवस सकाळी भैय्याजी गच्चीवर खाट टाकून चहा पीत बसले होते. खालून जिना चढत पिंकी आली. जिना चढून आलेली पिंकी पूर्वी कठड्याला धरून उभी राहायची आणि बोलायचं विसरून जायची. आज ती थेट आजोबांपुढं उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली,

"आबा, छोटे आबा म्हनतेत तुमची सावली त्याईच्या गच्चीवर चालली ती मागं घ्या नाहीतर तुमचा उरलेला कान बी मी फाडीन आन त्याची चटनी करून कुत्र्याले घालीन."

एका श्वासात. कुठं न थांबता. शिट्टी नाही, हप्ता नाही.

भैय्याजींनी कप ठेवला आणि हात उगारला. पोरीला का भावाला, हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं. कठड्याशी मोनाली कपडे वाळत घालत होती. तिनं वळून बघितलं. दोरीचं एक टोक पहारीला बांधलेलं होतं. तिनं टॉवेल खांद्यावर टाकला आणि दोरी सोडायला घेतली.

भैय्याजींनी हात खाली घेतला, खाट आपल्या बाजूला ओढली आणि नातीला म्हणाले, "पुन्हा म्हन बरं, बेटा. पूर्न म्हन."